ओकमाँटचा मूळ पाठ

ओकमाँटच्या पहिल्या होलवरचं ग्रीन खेळाडूकडे पाठ करून पडलेलं आहे. गोल्फमध्ये एरवी याच्या उलट असतं. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. तिची पुढची कड खाली आणि मागची वर असते, म्हणजे लांबून उंच आलेला चेंडू तिथे टेकला की समोरचा चढ त्याला थोपवतो. इथे उतार पुढून मागे जातो. टेकडीवरून खाली पाहिलं की झेंडा स्वच्छ दिसतो आणि त्यालाच नेम धरावासा वाटतो. पण झेंड्याशेजारी उतरवलेला चेंडू मागच्या कडेवरून सरळ निघून जातो. ज्याला हे मैदान कळलंय तो चेंडू ग्रीनच्या बऱ्याच अलीकडे, फेअरवेवरच टाकतो आणि पुढचं जमिनीवर सोपवतो. चेंडू टेकतो, एक-दोन उड्या मारतो, वेग सोडत सोडत ग्रीनवर शिरतो आणि उताराने नेईल तिथवर जातो. फटका मारणाऱ्याच्या हातून सुटल्यावर चेंडूचं जे काय होतं तोच इथला खरा खेळ. पहिल्याच होलवर हे सांगून टाकणारं मैदान मला तरी दुसरं ठाऊक नाही.

ओकमाँट कंट्री क्लब अमेरिकेत पेन्सिल्वेनिया राज्यात आहे, पिट्सबर्गच्या ईशान्येला, अ‍ॅलेघनी नदीच्या वरच्या बाजूला. हेन्री फोन्स हा पिट्सबर्गच्या पोलाद-धंद्यातला माणूस. चाळिशी उलटल्यावर गोल्फच्या नादी लागला आणि 1903 मध्ये त्याने हे मैदान घडवायला घेतलं. पुढच्याच वर्षी, 1904 मध्ये, ते खेळासाठी खुलं झालं. त्याआधी त्याने एकही मैदान रचलं नव्हतं, नंतरही रचलं नाही. आयुष्यात एकच कृती केली आणि ती अशी. मजूर आणि खेचरं यांच्या बळावर काम झालं. डोंगर हलवायची सोय नव्हती आणि तशी इच्छाही दिसत नाही. जमीन जिथे जशी कलली होती तिथे तशीच ग्रीन्स अंथरली. पहिल्या होलचं ग्रीन मागे कललंय याचं कारण एवढंच, की तिथली टेकडी मागे कललेली होती. दहाव्या आणि बाराव्या होलवरही तेच. बाराव्याचा तर फेअरवेसुद्धा डावीकडून उजवीकडे इतका कललेला आहे की मधोमध मारलेला चेंडू मधोमध राहत नाही.

हेन्रीचा मुलगा विल्यम फोन्स बापाहून कडक. तो स्वतः अव्वल दर्जाचा खेळाडू होता. 1910 मध्ये त्याने अमेरिकेची हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि 1922 मध्ये पहिल्या वॉकर चषकासाठी अमेरिकी संघाचं नेतृत्व केलं. वाईट फटक्याची किंमत मोजावीच लागली पाहिजे, आणि मोजलेली परत मिळता कामा नये, अशी त्याची ठाम धारणा होती. कुणाचा चुकलेला फटका सुखरूप सुटताना दिसला की त्या जागी नवा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, खोदला जाई, असं सांगतात. एके काळी बंकरांची संख्या तीनशेच्या वर गेली होती.

या बंकरांची एक गंमत सांगायलाच हवी. इथली जमीन चिकणमातीची. खोल खड्डा खणला की पाणी साचतं. तेव्हा बंकर उथळ ठेवणं भाग होतं, आणि उथळ बंकरातून चेंडू काढणं चांगल्या खेळाडूला अवघड नाही. यावर विल्यम फोन्स आणि एमिल लोफ्लर यांनी तोडगा काढला. लोफ्लर म्हणजे अनेक वर्षं मैदान राखणारा इथला माणूस. नदीतली जाडीभरडी वाळू आणायची, आणि भल्यामोठ्या दातांचा, शंभर पौंडांच्या आसपास वजनाचा दाताळ तिच्यावरून ओढायचा. वाळूत दोन-दोन इंच खोल सऱ्या पडत. नांगरलेल्या वावरात पडल्यासारखा चेंडू त्या सरीच्या तळाशी बसे, आणि तिथून ग्रीनकडे मारण्याचा विचार सोडून तो कसाबसा आडवा बाहेर काढावा लागे. खोलीची उणीव सऱ्यांनी भरून काढली. मातीच्या अडचणीतून निघालेली ही युक्ती इतकी जाचक ठरली की पुढे खेळाडूंच्या तक्रारींमुळे आधी सऱ्या सौम्य झाल्या आणि 1960 च्या दशकात त्या बंदच झाल्या. हा दाताळ परत आणला नाही याबद्दल मला क्लबला दोष द्यावासा वाटत नाही. मूळचं आहे एवढ्या कारणाने सगळंच परत आणायचं नसतं.

तिसऱ्या आणि चौथ्या होलच्या मधला बंकर जगभर ओळखला जातो. साधारण शंभर यार्ड लांब आणि चाळीस यार्ड रुंद अशा वाळूच्या पट्ट्यात गवताचे आडवे बांध एकामागे एक घातलेले आहेत. चर्चमधल्या बाकांच्या रांगांसारखे दिसतात म्हणून नाव पडलं ‘चर्च प्यूज’. छायाचित्रात तो नक्षी वाटतो. खेळाच्या अंगाने पाहिलं तर त्याचं काम अगदी रोकडं आहे. चेंडू बांधाच्या पायथ्याशी थांबला तर पुढे मारायला जागाच उरत नाही. तिसऱ्याचं ग्रीन वर, चढाच्या टोकाला आहे. खालून त्याचा पृष्ठभाग दिसत नाही आणि ते मागच्या बाजूला उतरतं. म्हणजे बंकरातून सुटण्यासाठी जोर लावावा तर वर पोचलेला चेंडू पलीकडे घरंगळतो. डावीकडचा बंकर आणि वरचं ग्रीन एकमेकांकडे बोट दाखवतात. एकटा बंकर पाहून त्याचं कौतुक करणाऱ्याच्या हाती निम्मीच रचना लागते.

हेन्री 1935 मध्ये गेला, विल्यम 1950 मध्ये. मग सुरू झाला सुशोभनाचा काळ. मैदान उघडंबोडकं होतं. गोल्फवर लिहिणाऱ्यांमध्येही ओकमाँटला रूप नाही असा सूर होता. रंगीत टीव्हीवर ऑगस्टाचं मैदान दिसू लागलं होतं, तिथले उंच पाइन आणि फुललेली झुडपं पाहून अमेरिकेतल्या बहुतेक क्लबांना आपल्याकडेही तसं हवंसं वाटू लागलं. मैदानाच्या मधून पूर्वी रेल्वे जात होती, तिच्या लगत आता पेन्सिल्वेनिया टर्नपाइक हा महामार्ग आला. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात होल्स एका बाजूला आणि बाकीची दुसऱ्या बाजूला, मधे पूल. ते झाकावं असंही वाटलं असणार. 1960 च्या दशकापासून ओकमाँटवर हजारो झाडं लावली गेली. तीस वर्षांत ती वाढली. प्रत्येक फेअरवेला दोन्हीकडून भिंती उभ्या राहिल्या आणि एका होलवरून शेजारचं होल दिसेनासं झालं.

ही झाडं पुढे तोडली गेली. आपल्याला इथे थांबावंसं वाटेल. झाड लावणं हे आपल्या मनात पुण्याच्या खात्यावर जमा असतं आणि तोडणं पापाच्या. मलाही ओकमाँटच्या इतिहासातला हा भाग वाचताना सहज पुढे जाता आलं नाही. म्हणून त्या झाडांनी नेमकं काय केलं ते नीट पाहायला हवं.

एक तर त्यांनी उतार झाकला. कललेल्या जमिनीवर उभं असताना माणूस कल ओळखतो तो दूरच्या क्षितिजावरून, समोरच्या टेकडीवरून, खालच्या दरीवरून. जवळच उभी झाडं लावली की डोळ्याला तोलायला काही उरत नाही आणि उतारसुद्धा सपाट वाटू लागतो. दुसरं, वारा अडला. उघड्या टेकडीवर रोज दिशा बदलणारा वारा हा इथल्या खेळाचा भागीदार होता. तिसरं, गवत. ओकमाँटची ग्रीन्स पोआ अ‍ॅन्युआ या गवताची आहेत. बहुतेक मैदानांवर ते तण म्हणून उपटलं जातं. इथे मात्र शंभर वर्षांच्या कापणीतून आणि रोलरखाली त्याची एक बुटकी, दाट जात टिकून राहिली, आणि तिच्यावर चेंडू काचेवरून जावा तसा जातो. या गवताला सकाळचं ऊन आणि खेळती हवा लागते. सावलीत ते रोगट होतं. चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. झाडांनी शिक्षेचा प्रकारच बदलला. फोन्सच्या मैदानावर चुकलेला चेंडू सापडायचा आणि पुढे काय करावं हे खेळाडूला ठरवावं लागायचं. झाडीत गेलेला चेंडू मुकाट्याने बाजूला काढायचा असतो, ठरवण्यासारखं काही राहत नाही.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, मार्क कून्स मैदानाचे प्रमुख देखरेखकार असताना, ही झाडं जायला लागली. तीही चोरून. क्लबच्या मैदान समितीतल्या मोजक्या लोकांचा पाठिंबा होता, बाकी सदस्यांना पत्ता नव्हता. पहाटे अंधारात, गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात माणसं कामाला लागत. एखाद-दुसरं झाड पाडायचं, बुंधा जमिनीखालपर्यंत खरवडून काढायचा, भुसा झाडून उचलायचा, वर गवताची लादी बसवायची, आणि पहिला सदस्य यायच्या आत सगळं जागच्या जागी. अशी शेकडो झाडं गेली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. हे मला फार बोलकं वाटतं. ज्या झाडांसाठी पुढे क्लबमध्ये तट पडले, वकिलांची भाषा झाली, ती झाडं नाहीशी होत असताना रोज खेळणाऱ्यांना जाणवली नव्हती. तरीही ही रीत मला पटत नाही. क्लब सदस्यांचा होता, पैसा त्यांचा होता, आणि मैदान बरोबर वाचणाऱ्यानेही आपलं वाचन चारचौघांत मांडायला हवं होतं. बिंग फुटल्यावर ते मांडावंच लागलं, आणि विशेष म्हणजे पटलंही. 2007 च्या यूएस ओपन या खुल्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पाच हजारांच्या वर झाडं गेली होती, नंतरही तोड चालू राहिली, आणि एकूण आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. आज क्लबहाउसच्या व्हरांड्यात उभं राहिलं की मैदानावरचे बहुतेक झेंडे एका नजरेत येतात.

हे सगळं वाचताना मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवत राहते. 1919 मध्ये सुरू झालेलं ते काम 1966 मध्ये पुरं झालं. विष्णु सीताराम सुखठणकरांनी आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या पडताळल्या, आणि ज्या ओळींना जुन्या पोथ्यांचा आधार नाही त्या मूळ पाठातून बाजूला काढल्या. गणपतीने व्यासांचा लेखनिक व्हायचं कबूल केलं ही लहानपणापासून ऐकलेली कथाही परिशिष्टात गेली. आपल्याला ती प्रिय आहे म्हणून ती मूळची ठरत नाही. ओकमाँटची झाडंही सदस्यांना प्रिय होती, त्यांच्या सावलीत दोन पिढ्या खेळल्या होत्या, आणि तरी ती प्रक्षिप्तच होती. फरक आहे तो परिशिष्टाचा. गणपतीची कथा वाचायची तर आजही पान उलटून वाचता येते. पिन ओकचा वाढलेला वृक्ष तळटीपेत ठेवता येत नाही. म्हणून मैदानाच्या संपादकावर पोथीच्या संपादकापेक्षा मोठी जबाबदारी येते. त्याला काढलेली ओळ परत घालता येत नाही.

नेमकं काय मूळ मानायचं हा प्रश्न 2023 मध्ये ओकमाँटला जुनं रूप द्यायला आलेले रचनाकार गिल हॅन्स आणि त्यांचे सहकारी जिम वॅग्नर यांच्यापुढे होता. ते दोघेही जुन्या मैदानांच्या पुनरुज्जीवनात मुरलेले. पण ओकमाँट हा चमत्कारिक मजकूर आहे. दुसऱ्या एखाद्या मैदानाचा रचनाकार नकाशा देऊन निघून गेलेला असतो, त्या नकाशाच्या वर्षाकडे परत जाता येतं. इथे बाप-लेक चाळीसएक वर्षं मैदानातच ठाण मांडून होते आणि सतत खोडत, घालत, हलवत होते. 1904 चं ओकमाँट मूळ, की बंकरांच्या भरतीचं, की 1935 चं? हॅन्सनी एकच वर्ष धरलं नाही. जुनी छायाचित्रं, विमानातून घेतलेली दृश्यं समोर ठेवून प्रत्येक होलचं फोन्सच्या काळातलं सर्वांत सरस रूप निवडलं.

इथे मी थोडा अडखळतो. सुखठणकरांनी खुद्द व्यासांच्या तोंडचा पाठ गवसल्याचा दावा केला नव्हता. पोथ्यांच्या आधाराने जितकं मागे जाता येईल तितकं ते गेले, आवडीनिवडीला त्यांनी कौल लावला नाही. हॅन्सची पद्धत आवडीची आहे. अठरा होल्स अठरा वेगवेगळ्या वर्षांतून उचलली तर जे मैदान तयार होईल ते कुठल्याही एका दिवशी अस्तित्वात नव्हतं. हा आक्षेप मला खरा वाटतो. पण मैदान हे वाचायचं नसून खेळायचं आहे, आजच्या चेंडूने आणि आजच्या काठ्यांनी, हेही तितकंच खरं. 1920 मध्ये जो बंकर चेंडू पडायच्या जागी होता तो आज चेंडू ज्याच्यावरून सहज उडून जातो अशा जागी आहे. वर्ष राखलं तर हेतू जातो. हॅन्सनी हेतू राखला, आणि फोन्स बाप-लेक स्वतः हेच करत आले होते. सगळा विचार करता माझं माप हॅन्सच्या बाजूला झुकतं.

त्यांच्या कामातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग टीव्हीवर जवळजवळ दिसत नाही. तो म्हणजे ग्रीन्सच्या कडा. ग्रीन रोज कापलं जातं, आणि कापणारा माणूस कडेवर चूक नको म्हणून बोटभर आत राहतो. रोजचं बोटभर अंतर दशकांनी कित्येक फूट होतं. बंकरातून मारलेल्या प्रत्येक फटक्यासोबत चिमूटभर वाळू ग्रीनच्या कडेवर पडते, आणि ती कड हळूहळू उचलली जाते. परिणाम असा, की कोपरे असलेलं, बंकराच्या ओठापर्यंत गेलेलं ग्रीन आक्रसत आक्रसत एक गोलसर लंबवर्तुळ होऊन बसतं. कुणी काही ठरवून बदललेलं नसतं, त्यामुळे हा बदल दिसतही नाही. हॅन्सनी ओकमाँटची ग्रीन्स पुन्हा त्यांच्या जुन्या कडांपर्यंत पसरवली. हरवलेले कोपरे परत आले, म्हणजे झेंडा लावायच्या जागा परत आल्या. बंकराला अगदी खेटून, उताराच्या काठावर, पूर्वी जिथे रफ, म्हणजे वाढलेलं गवत, होतं अशा जागी आता भोक पाडता येतं. एका कोपऱ्याने सगळं होल बदलतं. झेंडा त्या कोपऱ्यात असेल तर टी-वरून पहिला फटका कुठल्या बाजूला मारायचा याचा विचार तीन-चारशे यार्ड आधी सुरू होतो.

या ग्रीन्सचा वेग ही ओकमाँटची जुनी कीर्ती. 1935 च्या यूएस ओपनमध्ये जीन सारझनचा पट, म्हणजे ग्रीनवर घरंगळत मारलेला फटका, ग्रीन ओलांडून बंकरात गेला, ते प्रेक्षकांतल्या एडवर्ड स्टिम्पसनने पाहिलं. वेग अन्यायकारक आहे की खेळाडू चुकला, हे मोजून सांगता आलं पाहिजे असं त्याला वाटलं आणि त्याने एक साधी लाकडी पन्हाळी तयार केली. एका टोकाने पन्हाळी उचलायची, ठराविक कोनाला चेंडू खोबणीतून सुटतो आणि ग्रीनवर किती फूट जातो ते मोजायचं. आज जगातल्या सगळ्या मोठ्या मैदानांवर वापरला जाणारा स्टिम्पमीटर तो हाच. मोजमापाचं साधन इथल्या ग्रीन्समुळे जन्माला आलं, आणि मोठ्या स्पर्धेआधी ग्रीन्स थोडी संथ करावी लागतात असं इथले सदस्य अभिमानाने सांगतात. एवढ्या कठीण मैदानावर रोज हौसेने खेळणारी ही माणसं मला आवडतात. खंत एकाच गोष्टीची आहे. क्लब खाजगी असल्याने इतकी मोठी कलाकृती फाटकाआड राहते, आणि बाकीच्यांना ती स्पर्धांच्या आठवड्यापुरतीच उघडते.

असा आठवडा जून 2025 मध्ये आला, हॅन्सच्या कामानंतरची पहिली यूएस ओपन. या मैदानावरची ती दहावी. मैदान 7,372 यार्डांचं, पार 70, म्हणजे अपेक्षित फटके सत्तर. आठव्या होलवर बरीच टीका झाली. पार तीन आणि अंतर जवळजवळ तीनशे यार्ड, हे काय होल झालं, असं खेळाडूंचंही म्हणणं. आकडा ऐकून मीही दचकलो असतो. पण ते होल पाहावं. डाव्या अंगाला ‘सहारा’ नावाचा लांबच लांब बंकर, आणि ग्रीनचं तोंड पुढून मोकळं. उंच मारून झेंड्याशेजारी उतरवायचा आग्रह कुणी धरलेला नाही. चेंडू अलीकडे टेकवून पळवत न्यावा, पहिल्या होलवर शिकलो तेच इथे करावं. यात मला काही वेडेपणा दिसत नाही. एक जुना फटका पुन्हा खेळात आला आहे.

शेवटच्या दिवशी पाऊस आला आणि खेळ थांबवावा लागला. जे. जे. स्पॉन या खेळाडूने पहिल्या सहांपैकी पाच होल्सवर एकेक फटका गमावला होता. त्यातलं दुसरं होल तर क्रूर होतं. चेंडू झेंड्याच्या काठीवर आपटला आणि उताराने मागे घरंगळत बराच खाली गेला. पाऊस थांबल्यावर मात्र तो मैदानाशी जुळवून घेऊ लागला. सतराव्या होलवर, चढावरच्या छोट्या पार चारवर, ग्रीनच्या उजव्या हाताला ‘बिग माउथ’ बंकर दबा धरून असतो. तो टाळून त्याने एकाच फटक्यात चेंडू ग्रीनवर नेला आणि दोन पटमध्ये एक फटका कमावला. अठराव्यावर त्याला 64 फुटांचा पट उरला होता. त्याच्या आधी व्हिक्टर हॉवलँडने जवळजवळ त्याच रेषेवरून पट मारला. स्पॉन बाजूला उभा राहून तो चेंडू कुठे वळतो, कुठे दम सोडतो हे पाहत होता. मग त्याने आपला मारला आणि तो आत गेला. चार दिवसांत पारपेक्षा एक फटका कमी, 279. मैदानावर उतरलेल्यांपैकी पारच्या खाली राहिलेला तो एकटाच.